उपासनी लांबी

बापूसाहेबांनी बूट काढले, तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण आता विज्ञानाच्या हातातून गेलं.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली वायुबोगद्याची खोली होती ती. वायुबोगदा म्हणजे एक लांबलचक लाकडी खोका. एका टोकाला माणसाएवढा पंखा, मध्ये काचेची खिडकी. खिडकीच्या आत चिमणीचं, टाकीचं, पुलाचं छोटं मॉडेल ठेवायचं, पंखा लावायचा आणि वारा त्याच्याशी कसा वागतो ते मोजायचं. यात बूट काढण्यासारखं काही नसतं. पण संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब थोरवे मोज्यांवर उभे होते आणि त्यांच्या ओंजळीत वीतभर उंचीचा पितळी गणपती होता.

"ह्यो आत ठिवा," ते म्हणाले.

आमचे विभागप्रमुख डॉ. निशिकांत उपासनी दोन्ही हात पसरून पुढे झाले. मग आपल्याही पायांत बूट आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. ते मागे आले, बूट काढले, पुन्हा हात पसरले. ते पाहून प्राचार्यांनी काढले. प्राचार्यांना पाहून शिपायानं काढले. मी काढले नाहीत, कारण माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. कॉलेजात पुढे कित्येक वर्षं याला माझी वैज्ञानिक निष्ठा म्हणत असत.

"मूर्तीला भोक पाडायचं न्हाई हां, डॉक्टर."

"छे, छे, बापूसाहेब. मूर्तीच्या मागं नळीचं तोंड ठेवू. वारा मूर्तीवरून येईल आणि नळीत शिरेल."

मॉडेलमागच्या भोकापासून निघालेली एक बोरूएवढी पारदर्शक नळी बोगद्याच्या तळातून बाहेर यायची, भिंतीतल्या भोकातून पलीकडे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जायची आणि तिथे टेबलावरच्या सेन्सरला जोडली जायची. वाऱ्याचा दाब वरखाली झाला की नळीतून तो सेन्सरपर्यंत पोचायचा, आणि दाब सेकंदाला किती वेळा हेलकावतो ते संगणकावर दिसायचं. एक आडवी रेघ, आणि जिथे हेलकावा मोठा तिथे सुळका.

पंखा लागला. पडद्यावरची रेघ थरथरली आणि एका जागी सरळ उभी राहिली.

"किती?" बापूसाहेबांनी विचारलं.

"एकवीस," डॉक्टर म्हणाले. आवाज दाटून आला होता. सराव होता त्यांना.

"एकवीस मोदक," बापूसाहेब म्हणाले.

"एकवीस दूर्वा," प्राचार्य म्हणाले.

संगणकापाशी बसलेली मुलगी म्हणाली, "सर, मूर्ती आत ठेवायच्या आधीपण एकवीसच होतं."



"अर्थातच," डॉक्टर म्हणाले. "ते सर्वव्यापी आहे."

बापूसाहेबांनी हात जोडले. नक्की कोणाला जोडले ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

या सर्वव्यापी एकवीसचं नाव होतं उपासनी फ्रिक्वेन्सी. डॉक्टर भाषणात 'वारंवारिता' म्हणत. बापूसाहेबांच्या साखर कारखान्याची चिमणी तपासली, एकवीस आलं. पाण्याची टाकी तपासली, एकवीस. एसटीची बस, एकवीस. देवळाचं शिखर, एकवीस. एखाद्या वैद्याच्या थर्मामीटरनं रोग्याला, रोग्याच्या खाटेला आणि दारातल्या कुत्र्याला एकच ताप दाखवला, तर वैद्य थर्मामीटर दुरुस्तीला देईल. डॉक्टरांनी शोधनिबंध दिला. तो कुठेतरी छापूनही आला. छापून येणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

संगणकापाशी बसलेली मुलगी म्हणजे वसुधा केळुसकर. मूळची कुडाळची. तिकडच्या एका पॉलिटेक्निकात शिकवत होती आणि पीएचडीसाठी अभ्यासरजा घेऊन आमच्याकडे आली होती. विषय होता वाऱ्यात उंच चिमण्या कशा हलतात. मार्गदर्शक अर्थातच उपासनी. विद्यापीठात या विषयाला दुसरा मार्गदर्शकच नव्हता. रजा जूनमध्ये संपणार होती आणि नोंदणीही. जूनच्या आत प्रबंध गेला तर डॉक्टर केळुसकर, नाहीतर इतकी वर्षं फुकट आणि पुन्हा कुडाळला डिप्लोमाच्या पोरांना पहिल्यापासून न्यूटन. मी अप्लाइड मेकॅनिक्स शिकवायचो. तिच्याशी माझा संबंध कँटीनपुरता. म्हणजे बऱ्यापैकी जवळचा, कारण त्या कॉलेजात कँटीनशिवाय कुठेही खरं बोलायची सोय नव्हती.

गणपती दोन मोदक खाऊन परत गेला त्या दुपारी वसुधा माझ्यासमोर येऊन बसली. हातात सोड्याची रिकामी बाटली होती.

"दिघे सर, ऐका." तिनं बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली. बाटली हू करून घुमली.

"छान. पुढे?"

तिनं तांब्यातलं पाणी ओतून बाटली अर्धी भरली आणि पुन्हा फुंकली. सूर चढला.

"फुंकर तीच," ती म्हणाली. "माणूस तोच. आतली जागा कमी झाली म्हणून सूर बदलला. आता सांगा, हा सूर कोणाचा? माझा की बाटलीचा?"

"बाटलीचा."

"आपली नळी चार मीटरची आहे. एका टोकाला सेन्सर, म्हणजे बंद. दुसरं टोक उघडं. म्हणजे लांबलचक बाटलीच की. वाऱ्याची नुसती हूल मिळाली की आतली हवा डोलायला लागते, आणि चार मीटरची नळी सेकंदाला एकवीस वेळाच डोलते. समोर चिमणी असो, बस असो, नाहीतर..." तिनं बापूसाहेब गेले त्या दिशेला मान उडवली.

"म्हणजे गेली दोन वर्षं डॉक्टर..."

"बाटली वाजवतायत."

मी मनापासून हसलो. त्या कॉलेजात मनापासून हसायच्या जागा थोड्या होत्या.

"मग सेन्सर मॉडेलजवळ आणा," मी म्हटलं. "नळी बोटभर ठेवा. तिचा सूर इतका वर जाईल की आपल्या मोजमापात येणारच नाही."

"तेच तर. पण सेन्सर केबिनमधून हलवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे."

"का?"

"तुम्हाला माहीत नाही?" तिनं कँटीनच्या पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवलं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि उसाच्या ट्रकांची धूळ. "अहो, एसी."

मला खरंच माहीत नव्हतं. अख्ख्या कॉलेजात एसी एकच होता. प्राचार्यांच्याही केबिनला पंखाच होता. डॉक्टरांनी तो आयात केलेल्या सेन्सरच्या नावावर मंजूर करून घेतला होता: नाजूक यंत्र आहे, थंड हवा लागते. यंत्र केबिनमध्ये, म्हणून एसी केबिनमध्ये, म्हणून डॉक्टर केबिनमध्ये. उद्या सेन्सर बोगद्याखाली गेला तर एसीनं केबिनमध्ये कोणत्या तोंडानं थांबायचं?

"मेल्याचो एसी," वसुधा म्हणाली. तिला राग आला की कुडाळ बाहेर यायचं.

*

मेमध्ये डॉक्टर सिंगापूरला गेले, परिषदेला, एकवीस सांगायला. वसुधानं त्याच दिवशी सेन्सर काढला, बोगद्याखाली उकिडवी बसून तो मॉडेलच्या बुडाशी बसवला, आणि बोटभर नळीनं जोडला. मला बोलावलं. पंखा लागला. एकवीसच्या जागी काही नव्हतं. सपाट. आणि खाली, नऊच्या आसपास, एक लहानसा, लाजाळू उंचवटा.

"हे काय?"

"ही चिमणी," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बोलतेय. इतके दिवस नळीच बोलत होती."

डॉक्टर परत आले ते सिंगापूरहून सगळ्यांसाठी चावीला अडकवायचे सिंह घेऊन. सिंह वाटून झाले आणि आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. मला का, ते मला कळलं नाही. बहुधा साक्षीदार म्हणून. आत इतकं गार होतं की मी शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या.

"सेन्सर बाहेर कोणी नेला?"

"मी, सर," वसुधा म्हणाली. "मॉडेलजवळ लावून बघायचा होता. एकवीस गेलं, सर."

"गेलं म्हणजे कुठं गेलं?"

"म्हणजे ते नव्हतंच. नळीचं होतं."

डॉक्टरांनी खुर्ची मागे रेलली आणि डोक्यावरच्या एसीकडे पाहिलं. आपल्या मुलाबद्दल कोणी वाईट बोललं की बाप जसं आधी मुलाकडे बघतो, तसं.

"मिस केळुसकर, या यंत्राला चोवीस अंश तापमान लागतं."

"सर, त्याच्या माहितीपुस्तकात पन्नासपर्यंत चालेल असं लिहिलंय."

"पुस्तक जर्मनीत लिहिलंय. तिथले पन्नास वेगळे."

 

"दिघे, तुमचं काय मत?"

"मला वाटतं, नळीत तथ्य आहे."

"नळीत हवा आहे, दिघे." ते तिच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नसली की माणसं फार सुसंस्कृत होतात. "हे बघा, जगात जिथं जिथं मी हे मांडलं तिथं टाळ्या पडल्या. काल सिंगापुरात पडल्या. तुमच्या चिमणीत ते दिसत नाही, याचा अर्थ चुकलं कोण? मी तुम्हाला मुदतवाढ मिळवून देतो. डिसेंबरपर्यंत. पॉलिटेक्निकला पत्र देतो. पण प्रबंधात एकवीस असेल तर माझी सही असेल. नसेल, तर कुडाळ चांगलं गाव आहे. सोलकढी उत्तम मिळते."

ती बाहेर आली, वायुबोगद्यापाशी गेली आणि सेन्सर सोडवून परत केबिनमध्ये नेऊन ठेवला. एखादं पोर हरवलं म्हणून शोधावं आणि ते सापडल्यावर पुन्हा सावत्र आईकडे नेऊन सोडावं, तसं.

*

पुढल्या आठवड्यात तिनं स्टोअरमधून नळीचं अख्खं भेंडोळं मागवलं. मग केबिनच्या कोपऱ्यात टेबल मिळवलं. मग लाल स्वेटर आणला. जूनमध्ये, कॉलेजभर घामाच्या धारा लागलेल्या असताना, ती लाल स्वेटर घालून उपासनींच्या केबिनमध्ये बसलेली दिसायची. भिंतीतल्या भोकातून नळी आत-बाहेर होत असायची. डॉक्टर व्हरांड्यात भेटले की स्वतःहून सांगायचे, "केळुसकरला एकवीस मिळालं बरं का. मी म्हटलं नव्हतं?"

मी तिला कँटीनमध्ये गाठलं.

"काय वसुधाबाई, सापडलं म्हणे एकवीस."

"सापडलं की. नीट शोधलं की सापडतं."

"आता गळ्यात दूर्वांची जुडी तेवढी घाला."

"तुमच्या मोज्याचं भोक शिवलंत का?" ती म्हणाली आणि चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.

मी त्यानंतर तिच्याशी फारसं बोललो नाही. ज्यांच्याविषयी काहीच अपेक्षा नसते त्यांचा तिरस्कार करण्यात मजा नसते; वसुधाच्या बाबतीत मला ती पुरेपूर मिळाली. प्रबंधाचं शीर्षक कानावर आलं तेव्हा तर मी ते स्टाफरूममध्ये नाटकी आवाजात वाचून दाखवलं. होतं इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर, 'उपासनी वारंवारिता आणि उपासनी लांबी यांचे परस्परसंबंध'.

"लांबी कसली?" कोणीतरी विचारलं.

"जिभेची," मी म्हटलं. सगळे हसले.

डॉक्टरांनीही तिला ते विचारलं होतं म्हणे. शिपायानं ऐकलं होतं आणि आमच्या शिपायाला ऐकलेलं ठेवून घ्यायची सवय नव्हती. ती म्हणाली होती, "सर, वारंवारितेला तुमचं नाव आहे. मग ती जिच्यावर अवलंबून आहे त्या लांबीला दुसऱ्या कोणाचं द्यायचं?" डॉक्टर गहिवरले. त्यांनी प्रबंध चाळायला घेतला. ते वाचत नसत, चाळत. चाळताना त्यांचा डोळा एकाच शब्दावर थांबे, आणि वसुधानं तो शब्द प्रत्येक पानावर सढळ हातानं पेरला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी सही केली आणि मौखिक परीक्षेसाठी मुंबईहून प्रा. देवस्थळींना बोलवायचं ठरवलं, कारण देवस्थळी म्हणजे या विषयातलं मोठं नाव आणि मोठ्या नावासमोर आपलं नाव घेतलं जावं हे कोणाला आवडत नाही?

*

मौखिक परीक्षा जाहीर होती. सभागृहात सतरंज्या, त्यांवर खुर्च्या, समई, सनईची कॅसेट. पहिल्या रांगेत बापूसाहेब, शेजारी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेतलेले प्राचार्य, मग डॉक्टर, कोसा रेशमाचा कुर्ता घालून. बाजूला टेबलामागे देवस्थळी. वाळके, सत्तरीकडे झुकलेले, उजव्या कानामागे श्रवणयंत्र आणि त्यातून कानात गेलेली छोटीशी नळी. चहा नको म्हणाले, पेढा नको म्हणाले. मला ते आवडले.

वसुधा उभी राहिली. काठापदराची साडी आणि वर तोच लाल स्वेटर. सभागृहात एसी नव्हता आणि दुपारी स्वेटर घालावा अशी थंडीही नव्हती. मला ते विचित्र वाटलं, पण मी तिच्याबद्दल विचार करणं सोडलं होतं.

पडद्यावर पहिला आलेख आला. एकवीसवर सुळका. बापूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

"ही उपासनी वारंवारिता," वसुधा म्हणाली. "वायुबोगद्याच्या खिडकीपासून उपासनी सरांच्या केबिनमधल्या टेबलापर्यंतची नळी चार मीटरची आहे. या अंतराला मी प्रबंधात उपासनी लांबी म्हटलंय. आता ही लांबी निम्मी केली तर काय होतं, ते बघू."

दुसरा आलेख. सुळका बेचाळीसवर.

"दुप्पट?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हो, बापूसाहेब."

"वा."

मी खुर्चीत सरळ बसलो.

"आणखी निम्मी केली." सुळका पंच्याऐंशीच्या आसपास. "आता नळी बोटभर." सपाट रेघ, आणि नऊपाशी तो लाजाळू उंचवटा. "हा कारखान्याच्या चिमणीचा. ती खरोखर एवढीच हलते. तिला काही धोका नाही." ती घोटभर पाणी प्यायली. "आता पुन्हा चार मीटर. पण मॉडेल काढून घेतलं. पंखाही बंद." पडद्यावर एकवीसचा सुळका, पहिल्यापेक्षा उंच. "हा सरांच्या केबिनचं दार आपटल्याचा आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं, आणि तो खोकला नव्हता.

"निष्कर्ष असा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आदर होता की मी तसा आदर देवळातही ऐकलेला नाही. "उपासनी वारंवारिता ही चिमणीवर, टाकीवर, बसवर किंवा मूर्तीवर अवलंबून नाही. ती फक्त उपासनी लांबीवर अवलंबून आहे. आणि उपासनी लांबी, केबिनचा एसी कुठे बसवलाय, यावर."

सनईची कॅसेट संपून नुसतीच खरखरत होती ते मला तेव्हा ऐकू आलं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. फक्त डॉक्टर त्यात नव्हते. घरमालक निघून गेल्यावर दारावरचं तोरण तसंच राहावं, तसं ते हसू लटकत होतं.

"म्हंजे," बापूसाहेब विचार करत म्हणाले, "नळी कापली की आकडा बदलता येतो?"

"येतो."

"एकशे आठ येईल?"

"येईल, बापूसाहेब. पाऊण मीटरच्या जरा वर."

"मग एवढे दिवस का न्हाई सांगितलं," ते प्राचार्यांना म्हणाले. प्राचार्यांनी पुडा घट्ट धरला.

देवस्थळींनी कानामागच्या यंत्राची कळ फिरवली. "मिस केळुसकर, मला एकच प्रश्न आहे. तुमच्या मार्गदर्शकांना हे मान्य आहे का?"

"त्यांची सही आहे, सर."

"सही मी पाहिली. सह्या मी पण करतो. मी मान्यतेचं विचारतोय."

तिनं टेबलाची कड धरली. तिची बोटं पांढरी झालेली मला तिसऱ्या रांगेतून दिसली. तो लाल स्वेटर आता मला कळला. ती थरथरत होती आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो होता. डॉक्टर 'नाही' म्हणाले की सगळं संपलं: प्रबंध मार्गदर्शकानंच नाकारला, मुदत डिसेंबरची, आणि आज डिसेंबरच होता. देवस्थळींनी मग काहीही म्हटलं असतं तरी नियम तिच्या बाजूचा नव्हता.

सगळे डॉक्टरांकडे बघत होते. 'नाही' म्हणायचं तर न वाचता सही केली हे बापूसाहेबांसमोर कबूल करायचं. 'हो' म्हणायचं तर एकवीस गेलं. डॉक्टर उठले. कुर्ता सरळ केला. पडद्याकडे पाहिलं, तिथे मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव दोनदा लिहिलेलं होतं. मग बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब खूश दिसत होते. त्यांच्या डोक्यात एकशे आठ चाललं होतं. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"ही लांबी माझीच आहे," ते म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे हात केला.

"लोकांना वाटेल योगायोग. तसं नाही. भिंतीला भोक कुठं पाडायचं हे मी स्वतः उभं राहून सांगितलं होतं. गवंडी म्हणत होता खिडकीजवळ पाडू. मी म्हटलं, नाही, इथंच. नळी चार मीटरचीच पाहिजे, हा निर्णय पूर्णपणे माझा. वारंवारिता पहिल्यांदा सापडली, लांबी मागून. पण विचार तिथपासूनचाच होता. केळुसकरनं तो शेवटाला नेला, याचा मला अभिमान आहे."

"म्हणजे जबाबदारी तुमची," देवस्थळी म्हणाले.

"संपूर्ण."

"लिहून घेतो," देवस्थळी म्हणाले, आणि लिहून घेतलं. मग आपल्या अहवालावर सही केली, टोपण लावलं, आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर केळुसकर." प्राचार्यांनी पुडा सोडला.

टाळ्या पडल्या. डॉक्टर उपासनी वळून त्या स्वीकारत होते.

पेढे वाटले जात असताना देवस्थळी माझ्याशेजारी उभे होते. "माझ्या कानातली नळी गेल्या वर्षी बदलली," ते म्हणाले. "पहिली जरा लांब होती. तिच्यात आमची सून फार किरकिरी वाटायची. आता बरी बोलते." त्यांनी क्षणभर विचार केला. "आधीची मी उगाच टाकली. बायकोसाठी ठेवायला हवी होती; तिला सून किरकिरीच हवी असते." मग पेढा नको म्हणाले आणि गाडीकडे गेले.

वसुधा स्वेटर काढून त्याची घडी घालत होती. पाठीवर ब्लाउज घामानं चिंब झाला होता.

"मला वाटलं, तुम्ही वाकलात," मी म्हटलं.

"वाकलेच की." तिनं घडी पिशवीत टाकली. "नळी कशीही वाकवा, दिघे सर. लांबी तेवढीच राहते."

दुसऱ्या दिवशी ती कुडाळला गेली आणि तिथून पुढे कुठे कुठे. आता मोठ्या चिमण्या, मोठे पूल तिला विचारून बांधतात असं ऐकतो. तिनं कधी आमच्या कॉलेजचं नाव घेतलं असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे बापूसाहेबांनी वायुबोगद्याच्या दारावर पितळी पाटी बसवली: 'उपासनी लांबी, चार मीटर.' खंडेनवमीला बाकीच्या यंत्रांबरोबर नळीलाही हळदकुंकू लागायचं. बापूसाहेबांनी एकशे आठची वेगळी नळी मागितली होती. ती कापून झाली, तिला झेंडूची माळ घातली, आणि मग ती कोणी मोजायला वापरली नाही. खोलीत जाताना बूट बाहेर काढायची पद्धत पडली, ती मोडली नाही. मी त्या खोलीत फारसा जायचो नाही, पण त्या वर्षी मी मोज्यांचे नवीन जोड घेतले.

डॉक्टर सेवानिवृत्त झाले, पण एकवीस झालं नाही. पुढे आमच्या कॉलेजातून बऱ्याच जणांनी त्यावर प्रबंध लिहिले आणि सगळ्यांनी त्याची पुष्टी केली. सगळ्यांनी तीच चार मीटरची नळी वापरली. मी एकदा एकाला विचारलं की सेन्सर मॉडेलजवळ नेऊन का बघत नाहीस. त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "बाहेर उकडतं हो."